कशासाठी तर...

गेल्या आठवड्यात भाऊ-वहिनी गोकाकला लग्नाला गेले आणि भाची चार दिवस माझ्याकडे राहायला आली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर सायन्सला. दुसऱ्या दिवशी रात्री जेवणं उरकली, ओटा आवरून झाला आणि तिनं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. "आत्या, तू पंचवीस वर्षं हेच केलंस ना? जरा बघ ना, बरोबर आहे का. सोमवारी दाखवायचंय."

हेच म्हणजे काय, ते आधी सांगते. नाहीतर 'सॉफ्टवेअर' हा शब्द वाचूनच निम्म्या वाचक भगिनी पान उलटतील, आणि पाककृती पुढच्याच पानावर आहे हे मलाही ठाऊक आहे!

मी प्रोग्रॅम लिहिणारी नव्हे. घर बांधताना गवंडी वेगळा असतो, आणि माणसं किती, देवघर कुठं हवं, म्हाताऱ्यांना पायऱ्या चढवतात का, हे विचारून घेणारा वेगळा असतो. मी त्या दुसऱ्या पठडीतली. आधी बेंगळुरात आणि नंतर इथं बेळगावातच राहून मी लोकांना "तुम्हाला नक्की काय हवंय?" एवढंच विचारत आले. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून कॉम्प्युटरात लोकांना प्रश्न विचारती. त्याचा तिला पगार देतात!" त्यांच्या दृष्टीनं हा कंपनीचा भाबडेपणा होता. पण फ्रेड ब्रूक्स नावाच्या अनुभवी माणसानं १९८६ सालच्या एका निबंधात म्हणून ठेवलंय, की सॉफ्टवेअर बनवण्यात सगळ्यात अवघड काम कुठलं, तर काय बनवायचं ते नक्की ठरवणं. सासूबाईंना मी ते कधी पटवू शकले नाही.

तर भाचीचा प्रकल्प होता विद्यार्थ्यांच्या बसपासचं ॲप. त्यासाठी चाळीस 'यूजर स्टोरी' लिहून आणायच्या होत्या. पहिली स्टोरी अशी, की वापरकर्ता म्हणून मला लॉगिन करायचे आहे, जेणेकरून मला ॲपमध्ये प्रवेश मिळेल. दुसरीत वापरकर्त्याला पासवर्ड बदलायचा होता. अशा चाळीसच्या चाळीस.

"कुणी लिहिलं हे?"

"एआयनं. दोन मिनिटांत दिलं." वर हसून, "सगळेच तसं करतात गं."

व्याकरणाची एक चूक नव्हती हो! मी तिला एवढंच विचारलं, "लॉगिन करायची हौस जगात कुणाला असते? आणि हा वापरकर्ता कोण? मुलगा की मुलगी?"

"त्यानं काय फरक पडतो?"

फरक पडतो. जून २०२३ पासून आपल्याकडे 'शक्ती' योजना आहे. कर्नाटकात राहणाऱ्या बायका-मुलींना सरकारी साध्या बसला तिकीट नाही. म्हणजे कडोलीहून येणाऱ्या मुलीला पास लागतच नाही, तिला ओळखपत्र दाखवायचं असतं. तिच्या भावाला पास लागतो. आणि तिच्याच बाकावर बसणारी, चंदगड तालुक्यातून येणारी मुलगी? ती महाराष्ट्राची, तिला योजना लागू नाही. बस एक, गर्दी एक, कंडक्टरही एकच, पण तिघांची गरज तीन तऱ्हेची. 'वापरकर्ता' म्हटलं की तिघंही त्या शब्दाखाली झाकले जातात. भाची गप्प झाली. तिच्या वर्गातच चंदगडकडची एक मुलगी आहे म्हणे.

आपण दोन भाषांची माणसं. 'काय हवंय' या प्रश्नाशी आपली रोज गाठ पडते, फक्त लक्षात येत नाही. मराठीत 'मला चहा हवा' आणि 'मला चहा लागतो' यांत केवढं अंतर आहे! पहिल्यात इच्छा आहे. दुसऱ्यात डोकं दुखण्याची धमकी आहे. कन्नडमध्ये 'बेकु' म्हटलं की इच्छा आणि गरज दोन्ही एकाच पिशवीत येतात, ऐकणाऱ्यानं तोंडाकडं बघून ओळखायचं. शिवाय नकोला 'ब्याड' आणि पुरेला 'साकु'. या शब्दांकडे मी फिरून येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

भाचीचा दुसरा प्रश्न परीक्षेतला होता. यूज केस आणि यूजर स्टोरी यांत फरक काय?

यूज केसची कल्पना टेलिफोनच्या घरात वाढली. एरिक्सन या स्वीडिश कंपनीत इवार याकॉबसन नावाचे इंजिनिअर १९६० च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजवर काम करीत. एक्स्चेंजनं काय काय करायला हवं याची यादी करण्यापेक्षा त्यांनी गिऱ्हाइकाकडून सुरुवात केली. माणसानं फोन उचलला, टोन आला, नंबर फिरवला, पलीकडे घंटी वाजली, त्यानं उचलला, बोलणं झालं, फोन ठेवला. ही सरळ वाट. मग आडवाटा. पलीकडे एंगेज असला तर? कुणी उचललाच नाही तर? अर्धाच नंबर फिरवून माणूस विचारात पडला तर? ट्रंक कॉल लावून तासभर स्टुलावर बसलेल्यांना या आडवाटा वेगळ्या सांगायला नकोत. पुढं १९८७ साली त्यांनी एका परिषदेत हे मांडलं आणि १९९२ च्या पुस्तकानं जगभर गेलं. 'यूज केस' हे नावही त्यांच्या स्वीडिश शब्दाचं इंग्रजी भाषांतर. घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी, हे फक्त आपल्याच नशिबी नाही!

यूजर स्टोरी त्यामानानं धाकटी. अमेरिकेत क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगाराच्या सॉफ्टवेअरवर १९९६ च्या सुमारास केंट बेक आणि त्यांचे सहकारी काम करीत होते. जाडजूड दस्त लिहिण्याऐवजी पोस्टकार्डाहून लहान कार्डावर एक-दोन ओळी लिहायच्या, आणि बाकीचं गिऱ्हाइकाला शेजारी बसवून विचारायचं, अशी त्यांची रीत. १९९७ साली त्या सॉफ्टवेअरनं सुमारे १०,००० लोकांचा पगार काढायला सुरुवात केली. २००० साली कंपनीनं तो प्रकल्प बंद केला, पण रीत मात्र टिकली. त्यांच्यातल्याच रॉन जेफ्रीज यांनी २००१ साली सांगितलं, की कार्ड म्हणजे स्टोरी नव्हे. कार्ड, त्यावरचं बोलणं आणि शेवटी खात्री, ही तिन्ही मिळून स्टोरी. 'अमुक म्हणून मला तमुक हवं, कशासाठी तर...' हा साचा साधारण त्याच सुमारास लंडनमधल्या एका कंपनीत तयार झाला. माईक कोन यांच्या २००४ च्या पुस्तकामुळे तो घरोघरी पोचला, आता तर मशीनसुद्धा तो भरून देतं.

हे सगळं भाचीनं वहीत उतरवून घेतलं. माझं मन मात्र भलतीकडेच गेलं होतं. "थांब," म्हटलं, "तुला मामांची गोष्ट सांगते." माझे मामा, म्हणजे तिच्या वडिलांचेही मामाच. तिनं त्यांना लहानपणी पाहिलंय.

मामा पिग्मी गोळा करायचे. १९२८ साली उडुपीला, पुढं जी सिंडिकेट बँक झाली तिनं ही पद्धत सुरू केली. रोज दोन आणे बाजूला टाका, आमचा माणूस दारात येऊन घेऊन जाईल. कर्नाटकातून ती आपल्याकडच्या पतसंस्थांनी उचलली आणि पिग्मी हा शब्द मराठी-कन्नड दोन्ही घरांत मुरला. मामा एका पतसंस्थेचे एजंट होते. खांद्याला रेक्झिनची बॅग, तीत कार्बनचं पुस्तक आणि ठेवीदारांची कार्डं. तीस वर्षं खडेबाजार, गणपत गल्ली, रविवार पेठ असा त्यांचा फेरा.

२०१२ साली त्याच संस्थेनं एजंटांना हातात धरायची मशीनं द्यायचं ठरवलं. काम कुणाला द्यायचं? मामांनी शब्द टाकला आणि काय काय हवं ते लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. मी चेअरमनसाहेबांच्या खोलीत चार बैठका घेतल्या. चहा-खारी झाली. चेअरमन, सेक्रेटरी, मॅनेजर, ऑडिटर सगळ्यांना विचारलं. बासष्ट पानांचा दस्त झाला, त्यावर सह्या झाल्या. मामांना मात्र एक दिवसही बसवून विचारलं नाही. घरच्याच माणसाला काय विचारायचं! त्यांचं काम लहानपणापासून बघत होते ना मी.

सातव्या क्रमांकाची यूज केस होती 'पिग्मी जमा करणे'. एजंट खाते क्रमांक दाबतो, रक्कम दाबतो, मशीन पावती छापतं, ठेवीदाराच्या मोबाईलवर मेसेज जातो. तो मेसेज चेअरमनसाहेबांच्या आग्रहाचा होता, आणि आग्रह रास्त होता. दुसऱ्या एका गावात कुठलासा एजंट ठेवीदारांचे पैसे घेऊन पळाला होता. पैसे दिल्याक्षणी ठेवीदाराला कळलं तर असली लबाडी होणार नाही. म्हणून मोबाईल नंबर सक्तीचा. नंबर भरल्याशिवाय मशीन पुढं सरकायचं नाही. आडवाटाही मी लिहिल्या होत्या, चांगल्या अकरा. कागद संपला तर, बॅटरी उतरली तर, रेंज नसली तर. सगळ्या मशीनच्या अडचणी. माणसाची एकही नाही.

यूज केसच्या चित्रात काड्यांची माणसं काढतात. जो मशीनला हात लावतो त्याचं चित्र काढायचं. मी एजंटाचं काढलं, मॅनेजरचं काढलं. ठेवीदार मशीनला हात लावत नाही, म्हणून त्याचं नाही. ॲलिस्टर कोबर्न यांचं यूज केस कशी लिहावी यावरचं पुस्तक माझ्या टेबलावर होतं. त्यात साफ सांगितलंय, की समोर नसलेल्या पण ज्यांचं हित-अहित यात गुंतलंय त्यांचाही रकाना भरा. मी भरला होता. 'ठेवीदार - शिल्लक अचूक असावी.' झालं.

गणपत गल्लीत पालेभाजी विकणारी एक अक्का. घरात कन्नड, बाजारात मराठी. नवरा पिणारा. ती मामांकडे रोज पन्नास रुपये द्यायची आणि तिचं कार्ड कायम मामांच्या बॅगेत असायचं, कधी घरी नेलंच नाही. मशीन आलं आणि खाती चढवताना जुन्या फॉर्मवरचा नंबर घातला गेला. घरात फोन एकच, आणि तो नवऱ्याच्या खिशात. तिसऱ्या दिवशी मेसेज गेला. मेसेज इंग्रजीत होता, घरात कुणाला वाचता येत नव्हता. पण आकडे सगळ्यांना वाचता येतात. शिल्लक ११,३५०.

चौथ्या दिवशी ती खातं मोडायला संस्थेत आली तेव्हा नवरा मागच्या बाकावर बसून होता. मामा नेमके भरणा करायला आले होते. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "साक्री मामा, ब्याड्री." ते पैसे थोरल्या मुलीच्या पीयूसीच्या प्रवेशासाठी होते. त्या जूनमध्ये ती पोरगी कॉलेजात न जाता कापडाच्या दुकानात उभी राहिली.

मामांनी मला यातलं काहीच सांगितलं नाही. मशीन असंच असतं, त्याला काय सांगणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी आपल्यापुरता उपाय काढला. ज्या बायकांनी "मामा, माझं घरी कळवू नका" म्हटलं, त्यांच्या खात्यावर त्यांनी स्वतःचा नंबर घालून घेतला. अशा सतरा बायका झाल्या.

सहा महिन्यांनी ऑडिट लागलं. सतरा खात्यांना एकच नंबर, आणि तो एजंटाचा! ज्या लबाडीला आळा घालायला मेसेज आणला, तिचीच ही खूण दिसत होती. मामांना सांगण्यात आलं, उद्यापासून बॅग घेऊन येऊ नका. मॅनेजरांचा मला फोन आला. "मॅडम, तुमच्या मामांचं जरा बघा." आणि वाचकहो, लपवत नाही, फोन ठेवल्यावर पहिल्या क्षणी माझ्याही मनात आलं, केलं असेल का मामांनी?

संध्याकाळी गेले. मामा पडवीत बसले होते. मी काही विचारायच्या आधी त्यांनी कार्बनचं पुस्तक माझ्यापुढं टाकलं. मशीन आल्यावरही ते दोन्हीकडे लिहीत होते. म्हणाले, "तुझ्या मशीनला नंबर लागतो. बायकांना नंबर नको. मधे मी उभा. मी काय करायला पाहिजे होतं, तू सांग की."

मला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला संस्थेचा क्लार्क, खातेवही आणि मी, असे बाजारात गेलो. दोन दिवस लागले. सतरा बायकांना एकेकटीला गाठून शिल्लक विचारली. एकीकडेही कागद नव्हता. प्रत्येकीला आकडा तोंडपाठ, आणि प्रत्येकीचा वहीशी रुपयाला रुपया जुळला. तीन आठवड्यांनी संस्थेनं मामांना परत बोलावलं. "झालं गेलं विसरा" म्हणाले. मामा दिवाळी होईपर्यंत गेले नाहीत.

त्यानंतर मी तीन सकाळी भाजीच्या पोत्यावर बसले. पैसे न देता केलेलं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात उपयोगाचं काम तेच असेल! एका बाईला पावतीही नको होती, कनवटीला सापडली तर मार. एका विधवा मावशींना मेसेज हवा होता, पण पुण्याच्या लेकीच्या फोनवर, कारण मुलगा-सून विचारत नाहीत. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला मात्र दर पैशाला मेसेज हवा, शिवाय पावती हवी, कारण त्याचा जगात कुणावरच विश्वास नाही. बासष्ट पानांत मी या सगळ्यांना मिळून 'ठेवीदार' म्हटलं होतं.

सातवी यूज केस पुन्हा लिहिली. नंबर सक्तीचा नाही. मेसेज हवा का, कुणाच्या नंबरवर, पावती छापायची का, हे खातं उघडताना ठेवीदाराला एकट्याला विचारायचं. पण मग लबाडीला आळा कसा? चेअरमनसाहेबांचा 'कशासाठी' तरी कुठं खोटा होता? त्यावर तोडगा मशीनमध्ये नव्हता. ज्यांना मेसेज नको त्यांच्याकडे महिन्यातून एकदा संस्थेचा क्लार्क, एजंटाला वगळून, जाईल आणि शिल्लक कानात सांगून येईल. क्लार्कचा वेळ फुकट जातो म्हणून संचालकांची कुरकुर झाली, तरी ठराव पास झाला. सॉफ्टवेअरच्या दस्तात 'कानात सांगणे' ही पायरी लिहिणारी मी बहुधा पहिलीच असेन.

अक्का वर्षभरानं परत आली, दहा रुपयांपासून. मामा २०१९ साली गेले, तोवर तिचं कार्ड त्यांच्याच बॅगेत असायचं.

भाचीनं माझ्याकडून एक कोरं कार्ड मागून घेतलं आणि अक्काची स्टोरी कशी लिहिली असती ते विचारलं. मी लिहून दिली. 'भाजी विकणारी बाई म्हणून मला रोज पन्नास रुपये बाजूला टाकायचे आहेत, कशासाठी तर मुलीला शिकवता यावं, आणि तोवर घरात कुणाला कळू नये.'

"याची टेस्ट कशी घेणार?" भाचीनं विचारलं. प्रश्न बरोबर होता, म्हणून मला बरं वाटलं. म्हटलं, मेसेज कुठं जातो एवढं बघायचं नाही, कुठं कुठं जात नाही तेही बघायचं.

रात्री दहाला तिनं चंदगडच्या मैत्रिणीला फोन लावला. तासभर बोलत होती. चाळीसपैकी चौतीस स्टोऱ्या खोडल्या, पाच नव्या लिहिल्या. लॉगिनची राहू दिलीय, सर विचारतात म्हणाली.

शनिवारी तिला घेऊन मी बाजारात गेले. अक्का आहे अजून. आता पुढं क्यूआरचा फलक आहे आणि शेजारी पैसे आले की मोठ्यानं ओरडून सांगणारी ती पेटी. खातं मुलाच्या नावावर, आणि तो पलीकडेच नारळ विकतो. भाचीनं दोन पेंड्या मेथी घेतल्या आणि सवयीनं फोन काढला. अक्कानं एक मेथीची जुडी उचलून फलकावर आडवी ठेवली.

"रोख दे गं बाय," ती म्हणाली, "ती पेटी लई वरडती."

मी दहाच्या दोन नोटा दिल्या. समोर गल्ल्याचा डबा होता. तिनं त्या डब्यात टाकल्या नाहीत, कनवटीला खोचल्या.